सरकीने दिलेली साक्ष

काही वर्षांपूर्वी लातूरला बारावीच्या विद्यार्थ्यांसमोर डी.एन.ए.वर बोलण्याचा योग आला. फळ्यावर शिडी काढली आणि एका बाजूला 'ए' लिहिले. सगळा वर्ग एका सुरात म्हणाला, "टी!" 'जी' लिहिले, तर "सी!" विद्यार्थी तयारीचे होते, शिकवायला काही उरलेच नव्हते. तास संपता संपता मागच्या बाकावरची एक मुलगी उभी राहिली. नांदेड जिल्ह्यातल्या एका खेड्यातून ती शिकवणीसाठी लातूरला येऊन राहिली होती. तिने विचारले, "सर, ए-टी, जी-सी आम्हाला पाठ आहे. पण आमच्या घरी कापूस आहे. तिथे याचा काही उपयोग होतो का?"

मी आनुवंशिकता, गुणसूत्रे असे काहीबाही सांगून वेळ मारून नेली. परतीच्या गाडीत बसल्यावर लक्षात आले, की या प्रश्नाचे खरे उत्तर नांदेडच्याच कापसात दडलेले आहे. ते तेव्हा सुचले नाही, म्हणून आज सविस्तर लिहितो आहे. त्यासाठी आधी ही ए-टी, जी-सीची जोडी कशी सापडली ते पाहू.

जोडी जुळण्याची गोष्ट

डी.एन.ए. हा पदार्थ १८६९ पासून माहीत होता. फ्रीडरिश मीशर या स्विस संशोधकाने तो जखमांच्या पट्ट्यांवरील पुवातल्या पेशींमधून वेगळा केला होता. पण पुढची सत्तरएक वर्षे त्याच्याकडे कोणी फारसे लक्ष दिले नाही. आनुवंशिक गुण वाहून नेण्याचे काम प्रथिनेच करत असणार, असा सर्वसाधारण समज होता. १९४४ मध्ये अ‍ॅव्हरी, मॅक्लिऑड आणि मॅकार्टी यांनी न्यूमोनियाच्या जीवाणूंवर प्रयोग करून दाखवले, की एका जातीच्या जीवाणूचा गुण दुसऱ्यात नेतो तो डी.एन.ए.च. १९५२ मधील हर्शी आणि चेस यांच्या प्रयोगाने उरलीसुरली शंकाही गेली.

आता प्रश्न उरला रचनेचा. या रेणूत शर्करा आहे, फॉस्फेट आहे आणि चार प्रकारचे नत्रयुक्त बेस आहेत: अ‍ॅडेनिन (ए), थायमिन (टी), ग्वानिन (जी) आणि सायटोसिन (सी). एवढे रसायनशास्त्राने सांगितले होते. पण भिंतीत किती विटा आहेत हे कळले म्हणजे घराचा आराखडा कळला, असे होत नाही.

पहिला धागा दिला अर्विन शारगाफ यांनी. निरनिराळ्या सजीवांचा डी.एन.ए. घेऊन त्यांनी चारही बेस मोजले. चौघांचे प्रमाण सजीवागणिक बदलत होते. पण कोणताही सजीव घेतला, तरी 'ए' जेवढे तेवढेच 'टी' आणि 'जी' जेवढे तेवढेच 'सी' भरत होते. हे निष्कर्ष १९५० मध्ये प्रसिद्ध झाले. आज आपल्याला त्यातून जोडी लगेच दिसते. तेव्हा ती कोणाला दिसली नाही, स्वतः शारगाफ यांनाही नाही. उत्तर माहीत असले, की प्रश्न सोपा वाटतो. हे शिक्षकांनी वर्गात नेहमी लक्षात ठेवावे.

दुसरा धागा लंडनच्या किंग्ज कॉलेजमध्ये होता. रोझलिंड फ्रँकलिन आणि त्यांचे विद्यार्थी रेमंड गॉस्लिंग डी.एन.ए.च्या ओलसर तंतूंवर क्ष-किरण टाकून छायाचित्रे घेत होते. मे १९५२ मधील '५१ क्रमांकाच्या' छायाचित्रात काळ्या ठिपक्यांची फुली स्पष्ट उमटली. अशी फुली मळसूत्री रचनेची खूण असते. ठिपक्यांच्या अंतरांवरून मापेही काढता आली. दोन बेसमधील अंतर ०.३४ नॅनोमीटर, एका पूर्ण वळणाची लांबी ३.४ नॅनोमीटर आणि जाडी सुमारे २ नॅनोमीटर. (एक नॅनोमीटर म्हणजे मीटरचा शंभर कोटीवा भाग.) १९५३ च्या जानेवारीत हे छायाचित्र मॉरिस विल्किन्स यांनी जेम्स वॉटसन यांना दाखवले, आणि ते फ्रँकलिन यांच्या नकळत. विज्ञानाच्या इतिहासातील ही गोष्ट चटका लावणारी आहे. १९६२ चे नोबेल पारितोषिक वॉटसन, क्रिक आणि विल्किन्स यांना मिळाले, तेव्हा फ्रँकलिन हयात नव्हत्या. १९५८ मध्ये, वयाच्या अवघ्या सदतिसाव्या वर्षी, कर्करोगाने त्यांचे निधन झाले होते.

केंब्रिजमध्ये वॉटसन आणि फ्रान्सिस क्रिक धातूचे पत्रे आणि पुठ्ठ्याचे तुकडे जुळवून प्रतिकृती बांधत होते. मळसूत्राचे दोन पेड बाहेरच्या बाजूला आणि बेस आतल्या बाजूला, इथपर्यंत ते आले होते. पण आत बेस बसवायचे कसे? वॉटसन यांनी आधी सारख्याला सारखा जोडला, म्हणजे ए ला ए आणि जी ला जी. आता असे पहा: ए आणि जी हे आकाराने मोठे, तर टी आणि सी लहान. मोठ्यासमोर मोठा आला तर शिडी तिथे फुगणार आणि लहानासमोर लहान आला तर आक्रसणार. क्ष-किरणांचे छायाचित्र मात्र सांगत होते, की जाडी सगळीकडे सारखी आहे.

त्याच खोलीत जेरी डॉनह्यू नावाचे एक अमेरिकन रसायनशास्त्रज्ञ बसत. त्यांनी वॉटसन यांना सांगितले, की तुम्ही पाठ्यपुस्तकातून घेतलेले बेसचे रूपच चुकीचे आहे. त्यांतल्या हायड्रोजन अणूंच्या जागा वेगळ्या आहेत. वॉटसन यांनी पुठ्ठ्याचे नवे तुकडे कापले. २८ फेब्रुवारी १९५३ च्या सकाळी ते टेबलावर सरकवता सरकवता त्यांना दिसले, की ए आणि टी यांची जोडी आणि जी आणि सी यांची जोडी आकाराने तंतोतंत सारखी होते. शिडीची प्रत्येक पायरी एकाच रुंदीची! शारगाफ यांची मोजणी, फ्रँकलिन यांची मापे आणि डॉनह्यू यांची दुरुस्ती एका क्षणात एकत्र आली. २५ एप्रिल १९५३ च्या 'नेचर'च्या अंकात ही रचना जेमतेम पानभर मजकुरात छापून आली. त्याच अंकात विल्किन्स आणि फ्रँकलिन यांच्या गटांचेही लेख होते.

दोन पेडांची दिशा एकमेकांच्या उलट असते, हेही विद्यार्थ्यांना जरूर सांगावे. रस्त्यावरच्या जाणाऱ्या आणि येणाऱ्या वाहनांसारखी.

पेड सुटतात, पुन्हा जुळतात

या रचनेतील खरी मौज बंधांच्या ताकदीत आहे. प्रत्येक पेड स्वतःपुरता पक्क्या रासायनिक बंधांनी बांधलेला असतो. पण दोन पेड एकमेकांना धरून असतात ते प्रामुख्याने दुबळ्या हायड्रोजन बंधांनी. ए-टीमध्ये असे दोन बंध, तर जी-सीमध्ये तीन. त्यामुळे डी.एन.ए.चे द्रावण तापवले, तर पेड तुटत नाहीत, ते फक्त एकमेकांपासून सुटतात. हळूहळू गार केले, की पुन्हा जुळतात. आणि जुळतात तेही कोणाशीही नाही, आपल्या जोडीदाराशीच. पॉल डॉटी आणि ज्युलियस मार्मर यांनी १९६० मध्ये हे दाखवून दिले.

याचा अर्थ असा, की आपल्याला हवा तो बेसचा क्रम असलेला एक छोटा एकेरी तुकडा तयार करून मिसळला, तर लाखो अक्षरांच्या गर्दीत तो स्वतःच आपली जागा शोधून तिथे जाऊन बसेल. असे तुकडे रासायनिक पद्धतीने जोडण्याच्या कामात हरगोविंद खुराणा यांच्या प्रयोगशाळेचा वाटा मोठा होता.

१९८३ मध्ये कॅरी मुलिस यांना सुचले, की असे दोन तुकडे घ्यावेत. हव्या त्या भागाच्या एका टोकाला एक बसेल, दुसऱ्या टोकाला दुसरा. मग डी.एन.ए. बांधणाऱ्या विकराने मधला भाग भरून काढावा. द्रावण सुमारे ९५ अंश सेल्सिअसपर्यंत तापवायचे, म्हणजे पेड सुटतात. ५० ते ६० अंशांपर्यंत गार करायचे, म्हणजे तुकडे जागेवर बसतात. मग ७२ अंशांवर ठेवायचे, म्हणजे विकर नवा पेड विणते. प्रत्येक फेरीला प्रती दुप्पट. तीस फेऱ्यांनंतर एका रेणूचे १०७ कोटी रेणू होतात. (विद्यार्थ्यांना २ चा ३० वा घात काढायला सांगा.) एवढ्या उष्णतेत टिकणारे विकर मिळाले ते अमेरिकेतील यलोस्टोनच्या उष्ण झऱ्यांत सापडलेल्या एका जीवाणूपासून. या तंत्राला पी.सी.आर. म्हणतात. त्यासाठी मुलिस यांना १९९३ चे नोबेल पारितोषिक मिळाले.

ते दोन तुकडे साधारण वीस अक्षरांचे असतात. वीसच का? चार अक्षरांपासून वीस अक्षरी शब्द करायचे तर ४ चा २० वा घात, म्हणजे सुमारे १,०९,९५१ कोटी शब्द होतात. आपल्याकडे पेरल्या जाणाऱ्या अमेरिकन कापसाच्या गुणसूत्रांच्या एका संचात अडीचशे कोटींच्या आसपास जोड्या आहेत. दोन्ही पेड वाचले तरी पाचशे कोटी जागा झाल्या. म्हणजे एखादा ठरावीक वीस अक्षरी शब्द तिथे केवळ योगायोगाने सापडण्याची शक्यता ढोबळमानाने दोनशेवीसात एक. असे दोन शब्द, तेही ठरलेल्या अंतरावर आणि समोरासमोर तोंड करून सापडणे, हे योगायोगाने जवळजवळ अशक्यच. हा हिशेब लक्षात ठेवा, पुढे लागेल.

नांदेडचे वाण

आता आपल्याकडे येऊ. नांदेड परिसराचे कापसाशी नाते जुने आहे. निजामाच्या राजवटीत येथील 'गावरानी' कापसाला नाव होते आणि गावात उस्मानशाही मिल उभी होती. पुढे मराठवाडा कृषी विद्यापीठाच्या नांदेड येथील कापूस संशोधन केंद्राने १९८० च्या दशकात एक संकरित वाण दिले. त्याचे नाव एन.एच.एच.-४४, शेतकऱ्यांच्या तोंडी 'नांदेड-४४'. बी.एन.-१ ही त्याची आई आणि ए.सी.-७३८ हा बाप. कोरडवाहू जमिनीत तग धरणारे, रस शोषणाऱ्या किडींना बऱ्यापैकी दाद न देणारे आणि एकदा बोंडे वेचल्यावर पुन्हा फुटणारे हे वाण मराठवाड्यातच नव्हे, तर विदर्भातही मोठ्या क्षेत्रावर गेले.

संकरित वाण म्हणजे काय, हे येथे थोडे समजून घ्यायला हवे. पहिल्या पिढीतील प्रत्येक रोपात आईकडचा एक आणि बापाकडचा एक असे गुणसूत्रांचे दोन संच असतात. त्यामुळे सगळी रोपे एकसारखी आणि जोमदार दिसतात. पण त्या झाडांची सरकी पुढच्या वर्षी पेरली, तर दोन संचांची वाटणी होते आणि प्रत्येक रोप वेगळे निघते. कोणी उंच, कोणी खुजे, कोणी उशिरा फुलणारे. म्हणून संकरित कापसाचे बियाणे दरवर्षी विकत घ्यावे लागते. ते तयार करायलाही कष्ट असतात. आदल्या सायंकाळी कळीतले पुंकेसर हाताने काढायचे आणि दुसऱ्या दिवशी सकाळी दुसऱ्या झाडाचे परागकण लावायचे, एकेका फुलाला.

लातूरच्या सोयाबीनची गोष्ट उलट आहे. सोयाबीनचे फूल उमलण्याआधीच त्यात स्वपरागीभवन होऊन जाते. त्यामुळे सरळ वाणाचे बियाणे घरी नीट सुकवून, उगवणशक्ती तपासून पुढच्या वर्षी पेरता येते. एकाच मराठवाड्यातले दोन शेजारी जिल्हे, पण एका शेतकऱ्याचे बियाणे घरात, तर दुसऱ्याचे दुकानात. फरक आहे तो डी.एन.ए.च्या वाटणीचा.

बीटी आले

बोंडअळी हे कापसाचे जुने दुखणे. 'बॅसिलस थुरिंजिएन्सिस' या मातीतील जीवाणूमध्ये एक प्रथिन असते. ते काही अळ्यांच्या आतड्याला चिकटून त्यांना मारते. या जीवाणूच्या नावातील आद्याक्षरे म्हणजे 'बीटी'. त्या प्रथिनाचे जनुक कापसात बसवले, की झाडच ते प्रथिन बनवू लागते. अमेरिकेतील मॉन्सॅन्टो कंपनीने 'क्राय१एसी' नावाचे असे जनुक कापसात बसवले आणि आपल्या जालन्याच्या महिको कंपनीच्या संकरित वाणांतून ते भारतात आले. २००२ च्या मार्चमध्ये त्याच्या लागवडीला केंद्राची परवानगी मिळाली.

अळी आटोक्यात आली, फवारण्या कमी झाल्या, शेतकरी झपाट्याने बीटीकडे वळले. पण किंमत? ४५० ग्रॅमच्या पाकिटाला सुरुवातीला सोळाशे रुपयांच्या वर मोजावे लागत. २००६ मध्ये आंध्र सरकारने मक्तेदारी आयोगाकडे दाद मागितल्यानंतर ती साडेसातशेवर आली. दरम्यान नांदेड-४४ सारखी, बीटी नसलेली सार्वजनिक वाणे बाजारात मागे पडू लागली. वाण चांगले होते, पण त्यात ते एक जनुक नव्हते.

सार्वजनिक संशोधन संस्थांनी यावर काम सुरू केलेले होते. नागपूरची केंद्रीय कापूस संशोधन संस्था, धारवाडचे कृषी विज्ञान विद्यापीठ आणि दिल्लीचे वनस्पती जैवतंत्रज्ञानाचे राष्ट्रीय केंद्र यांनी मिळून 'बिकानेरी नरमा बीटी' हे वाण पुढे आणले. २००८ मध्ये त्याला परवानगी मिळाली. हे सरळ वाण होते, म्हणजे शेतकरी घरची सरकी पुन्हा पेरू शकणार होता. त्यात बीटीचे जनुक बसवलेले होते. तेच जनुक नांदेड-४४ मध्येही आणले गेले आणि २००९ मध्ये 'एन.एच.एच.-४४ बीटी'ला परवानगी मिळाली. त्या खरिपात हे बियाणे शेतकऱ्यांकडे गेले. नांदेडचे जुने, भरवशाचे वाण बीटी होऊन परत येते आहे, स्वस्तात आणि सरकारी खात्रीने, ही केवढी मोठी बातमी होती!

पण पुढच्या हंगामात ते बियाणे आले नाही. उत्पादन थांबवण्यात आले. कारण कापसाच्या रोपांतील डी.एन.ए. वेगळेच काही सांगत होता.

ठिगळ आणि शिवण

बाहेरचे जनुक झाडात बसवण्यासाठी बहुतेक वेळा 'अ‍ॅग्रोबॅक्टेरियम' या जीवाणूची मदत घेतात. हा जीवाणू जनुक झाडाच्या गुणसूत्रात नेतो खरा, पण अडीचशे कोटी जोड्यांमध्ये नेमके कोठे बसवेल ते आपल्या हातात नसते. प्रत्येक वेळी जागा वेगळी. म्हणून अशा प्रत्येक यशस्वी रोपणाला स्वतंत्र नाव देतात. मॉन्सॅन्टोच्या रोपणाचे नाव 'मॉन-५३१', तर सार्वजनिक संस्थांच्या रोपणाचे वेगळे.

समजा, एकाच ताग्यातून कापलेले ठिगळ दोन धोतरांना लावले. ठिगळ पाहून कोणते धोतर कोणाचे ते ओळखता येणार नाही, कारण कापड एकच. पण शिवण पाहा. ठिगळ कोठे संपते आणि धोतराचे कापड कोठे सुरू होते, त्या ठिकाणचे धागे प्रत्येक धोतरात वेगळे असणार. डी.एन.ए.च्या तपासणीतही हेच करतात. नुसते 'क्राय१एसी' शोधून उपयोग नाही, ते दोन्हीकडे असणार. म्हणून एक वीस अक्षरी तुकडा ठिगळातला घ्यायचा आणि दुसरा शिवणीपलीकडच्या कापसाच्या स्वतःच्या डी.एन.ए.तला. दोन्ही तुकडे जागेवर बसले आणि मधला भाग वाढला, तरच पी.सी.आर.मध्ये ठरलेल्या लांबीची पट्टी दिसते. जागा दुसरी असेल, तर काहीच दिसत नाही. आणि आपला मघाचा हिशेब आठवा. ही पट्टी योगायोगाने उमटत नाही.

बिकानेरी नरमा बीटीच्या नमुन्यांत मॉन-५३१ ची शिवण सापडली.

हे प्रकरण माहितीच्या अधिकारातून आणि वृत्तपत्रांतून लोकांपुढे आले. भारतीय कृषी अनुसंधान परिषदेने जवाहरलाल नेहरू विद्यापीठाचे तत्कालीन कुलगुरू डॉ. सुधीर सोपोरी यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. समितीने २०१२ च्या डिसेंबरात अहवाल दिला. वाणात मॉन-५३१ चा डी.एन.ए. असल्याचे त्यात नोंदवले गेले आणि वाण विकसित करताना पुरेशी काळजी घेतली न गेल्याबद्दल ताशेरेही ओढले गेले. मॉन-५३१ वर भारतात पेटंट नव्हते. त्यामुळे प्रश्न एकट्या कायद्याचा नव्हता. प्रश्न साधा होता: पाकिटावर जे लिहिले आहे, तेच सरकीत आहे का?

रेणू काय सांगतो, काय सांगत नाही

या प्रकरणातून दोन गोष्टी शिकण्यासारख्या आहेत, आणि दोन्ही वर्गात सांगण्याजोग्या आहेत.

पहिली अशी, की डी.एन.ए.ची साक्ष कोणाचीही भीड धरत नाही. संस्था सरकारी आहे की खासगी, हेतू चांगला आहे की वाईट, घोषणा किती मोठी होती, यांतले काहीच ए ला ठाऊक नसते. त्याला टी तेवढा ठाऊक असतो. आपल्यापैकी अनेकांना, माझ्यासकट, मनापासून वाटत होते, की सार्वजनिक बीटी यशस्वी व्हावे. तशी इच्छा बाळगणे गैर नव्हते. पण तपासणीचे उत्तर इच्छेवर अवलंबून नसते. उलट, ज्या कामाविषयी आपल्याला जिव्हाळा आहे, त्याची तपासणी अधिक कडक हवी. शिवण तपासण्याची पद्धत २००९ पूर्वीही उपलब्ध होती आणि ती फार खर्चिकही नव्हती. बियाणे बांधावर जाण्याआधी दर टप्प्यावर ती काटेकोरपणे केली गेली असती, तर नांदेड-४४ वर ही वेळ आली नसती.

दुसरी गोष्ट उलट बाजूची आहे. रेणू 'काय आहे' ते सांगतो, 'कसे आले' ते सांगत नाही. शेजारच्या शेतातून परागकण आले, जिनिंगमध्ये किंवा गोदामात सरकी मिसळली, की प्रयोगशाळेत गफलत झाली? पी.सी.आर.ची पट्टी या तिन्ही वेळी सारखीच दिसेल. ते जाणून घ्यायचे तर वह्या पाहाव्या लागतात: कोणत्या दिवशी, कोणत्या रोपापासून, कोणत्या डबीत, कोणी बी ठेवले. प्रात्यक्षिकाच्या वहीत तारीख आणि निरीक्षण लिहायला आपण विद्यार्थ्यांना सांगतो, तेव्हा ते 'गुणांसाठी' असल्यासारखे सांगतो. त्याऐवजी त्यांना ही गोष्ट सांगावी. एका संपूर्ण वाणाचे भवितव्य कधीकधी एका वहीवर अवलंबून असते.

बीटी जनुक म्हणजे कायमचे कवच नव्हे, हेही सांगायला हवे. गुलाबी बोंडअळीने पुढे या प्रथिनांना दाद देणे सोडले आणि २०१७ मध्ये महाराष्ट्रातील कापूस उत्पादकांना त्याचा मोठा फटका बसला. अळीच्याही पेशीत डी.एन.ए. आहे आणि तोही बदलतो.

नांदेडचे काम मात्र थांबले नाही. परभणीचे विद्यापीठ आणि महाबीज यांच्या सहकार्याने नांदेड-४४ पुन्हा बीटी स्वरूपात आले. अलीकडच्या वर्षांत नांदेडच्या केंद्राने एन.एच. १९०१, १९०२ आणि १९०४ ही बीटी सरळ वाणेही दिली आहेत. सरळ वाण म्हणजे घरची सरकी पुन्हा पेरता येण्याजोगे. लातूरच्या सोयाबीनवाल्याला जी सोय आहे, ती नांदेडच्या कापूसवाल्याला मिळण्याची वाट पुन्हा उघडली आहे. लातूरला याच विद्यापीठाचे कृषी जैवतंत्रज्ञानाचे महाविद्यालयही आहे. तेव्हा शिवण तपासणारे हात आता आपल्याच भागात तयार होत आहेत.

वर्गात करून पाहण्यासाठी

कागदाची एक लांब पट्टी घ्या. तिच्यावर ए, टी, जी, सी ही अक्षरे कशीही, दोनशे वेळा लिहा. मध्येच एका ठिकाणी हा क्रम घाला: ए-टी-जी-सी-सी-टी-ए-जी. आता छोट्या पट्टीवर त्याची जोडी लिहा: टी-ए-सी-जी-जी-ए-टी-सी. ही छोटी पट्टी मोठ्या पट्टीवरून सरकवत न्यायला विद्यार्थ्यांना सांगा. आठही अक्षरे एका वेळी जुळतील अशी जागा शोधायची. बऱ्याच ठिकाणी दोन-तीन अक्षरे जुळतील आणि मुले फसतील. आठही जुळणारी जागा बहुधा एकच निघेल, कारण आठ अक्षरी शब्द ६५,५३६ होतात. मग विचारा: अक्षरे वीस असती तर?

पुढच्या वर्गांना दुसरा भागही देता येईल. दोन मोठ्या पट्ट्या करा. दोन्हींत तोच आठ अक्षरी शब्द घाला, पण वेगवेगळ्या ठिकाणी. मग विद्यार्थ्यांना विचारा, की यांतली कोणती पट्टी कोणाची हे ओळखायचे असेल, तर छोटी पट्टी कोठपर्यंत लांबवावी लागेल? शिवणीच्या पलीकडे, हे उत्तर बहुतेक वेळा त्यांचे त्यांनाच सापडते.

त्या मुलीला आज भेटलो, तर मी सांगेन: बाई, ए समोर टी येतो हे तुला पाठ आहे, त्याचा तुमच्या घरी उपयोग आहे. तुझे वडील दुकानातून जे पाकीट आणतात, त्यावर छापलेले नाव खरे की खोटे, हे शेवटी त्या जोडीवरूनच ठरते. आणि ते ठरवणाऱ्या प्रयोगशाळेत उद्या तू असावीस.